भुऱ्या जिवंत असता तर

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे लिहिताना मला पुन्हा सबबी सुचतील.

उल्हासनगरच्या एका रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात दाराजवळच्या खाटेवर माझी मुलगी वैजू झोपली होती. वय नऊ. डॉक्टरांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या तळव्यावर खालून वर रेघ ओढली. पायाला नुसता हात लागला तरी खिदळणारी पोर ती. ती छताकडे बघत राहिली. दुसऱ्या पायाचंही तेच. लघवी अडकली होती म्हणून नळी घातली होती. अंगात ताप होता.

डॉक्टर मला दाराबाहेर घेऊन आले. म्हणाले, "दोन शक्यता आहेत. पहिली, न्यूरोपॅरालिटिक रिअॅक्शन. कुत्र्याच्या चाव्यावर आपण जी इंजेक्शनं दिली, त्यांच्यामुळे शरीर स्वतःच्याच मज्जारज्जूवर उलटतं. क्वचित होतं, पण होतं. त्यावर औषध आहे. दुसरी शक्यता रेबीजचीच. रेबीज दर वेळी पाण्याला घाबरून येतो असं नाही, कधीकधी असा लुळेपणा घेऊन येतो. त्यावर औषध नाही. आणि पहिल्याचं औषध दुसऱ्यात दिलं तर मी तिचं नुकसान करीन."

मी मान हलवत होतो.

"म्हणून विचारतो," ते म्हणाले, "तो कुत्रा आज जिवंत आहे का?"

चावून इतके दिवस झाल्यावरही कुत्रा धडधाकट असेल, तर त्याच्या अंगात तेव्हा रेबीज नव्हता. मग दुसरी शक्यता पुसली जाते आणि लगेच औषध सुरू करता येतं. सगळं त्या एका उत्तरावर होतं. मी त्यांना रोज सांगत आलो होतो की कुत्रा पळाला, धनगराने पळवला. ते खोटं होतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमचं घर बदलापूरजवळच्या चामटोलीला. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होतो आणि घरची थोडी भातशेती होती. दिवाळीनंतर भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्या बाजूला उतरत. रिकाम्या शेतात रात्रीचा कळप बसवायचा, लेंड्या आणि मूत जमिनीत जातं, पुढच्या वर्षी पीक जोरात येतं. बदल्यात आम्ही धनगराला भात द्यायचो. माझ्या शेतात दरवर्षी भागूजी यायचा. माझ्याहून वयाने थोडा मोठा, बोलायला कमी. मी त्याला अरेतुरे करायचो, तो मला मालक म्हणायचा.

त्याचा कुत्रा भुऱ्या. राखाडी, वासराएवढा उंच, गळ्यात बाहेर टोकं काढलेला खिळ्यांचा पट्टा. बिबट्याने नरडं धरू नये म्हणून तसला पट्टा घालतात. दिवसभर तो मेंढ्यांच्या मधोमध पडून असायचा, जणू त्यांच्यातलाच एक. भागूजी दरवर्षी पहिल्या दिवशी मला तेच सांगायचा, "मालक, येताना बांधावनं हाळी द्या. म्या येऊन न्हेतू तुमास्नी. एकलं आत येऊ नगा."

त्या वर्षी मी हसलो. म्हटलं, "अरे, शेत माझं आहे."

"व्हय," भागूजी म्हणाला. "पर मेंढरं माझी हायती."

मला ते झोंबलं. माझ्याच बांधावर मला परवानगी मागायला सांगतो, असं वाटलं. दोन दिवसांनी पाळी संपवून आलो तर वैजूने हट्ट धरला, नवीन कोकरू बघायचं. भागूजी पाण्याला गेला होता. मी हाक मारली नाही. तिचा हात धरला आणि सरळ शेतात उतरलो.

भुऱ्या लांबूनच भुंकला. आम्ही थांबलो नाही. तो उठून आमच्या आणि कळपाच्या मध्ये आडवा उभा राहिला. मी बाजूने वळसा घातला. त्याने मान खाली घातली आणि घशातून आवाज काढला. म्हणजे तीनदा त्याने मला सांगितलं होतं. हे मला आता कळतं, तेव्हा मला फक्त राग आला, माझ्या मुलीसमोर एक कुत्रा मला अडवतो म्हणून. मी कडेचं कोकरू उचललं. ते ओरडलं, त्याची आई धावली आणि भुऱ्या निघाला.

पुढचं लिहायला जड जातं. तो माझ्याकडे येत होता. मला काठी उचलायला हात मोकळे हवे होते, म्हणून मी कोकरू वैजूच्या हातात कोंबलं. कुत्रा कोकरापाठी गेला. त्याने तिचा हात कोपराखाली धरला, कोकरू पडलं, आणि त्याने लगेच सोडलं. पुन्हा चावला नाही. कोकराच्या वर चार पाय रोवून उभा राहिला आणि माझ्या काठीकडे बघत राहिला.

घरी आणल्यावर तिच्या आईने जखमेत हळद आणि तिखट भरलं. आमच्याकडे तेव्हा तेच करत. वैजूच्या किंकाळ्या शेजारपाजारच्या सगळ्यांनी ऐकल्या. लोक जमले आणि कसं झालं म्हणून विचारू लागले. मी म्हणालो, पिसाळलाय तो, वाटेने चाललो होतो तर अंगावर आला.

मग तिला उल्हासनगरच्या त्याच रुग्णालयात नेलं, तेव्हा याच डॉक्टरांनी आधी ते तिखट धुवायला लावलं. साबण आणि वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ. मग विचारलं, प्रोव्होक्ड बाइट की अनप्रोव्होक्ड? म्हणजे कुत्र्याला काही कारण दिलं होतं, की तो आपणहून चावला? वैजू माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, आपणहून. डॉक्टरांनी पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं लिहून दिली, रोज एक. पण पुढे असंही म्हणाले की कुत्रा बांधून नजरेसमोर ठेवा, दहा दिवस. ठणठणीत राहिला तर इंजेक्शनं मध्येच थांबवता येतील.

मी भागूजीला निरोप पाठवला. तो भुऱ्याला घेऊन स्वतः आला. आमच्या गोठ्यातल्या खुंट्याला त्याने कुत्रा बांधला, पट्टा काढून घेतला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. वैजूच्या हातावरची पट्टी बघून त्याचे डोळे भरले. "मालक, बघा दहा दिस. तवर म्या वरच्या गावात कळप न्हेतू," एवढं बोलून निघाला. त्याने माझ्यावर विश्वास टाकला होता.

आणि भुऱ्या आमच्या दारात काय करत होता? काहीच नाही. भात खायचा, पाणी प्यायचा, आमच्या वासराला कान चाटू द्यायचा. अनोळखी माणूस आला तरी मान वर करायचा नाही. संध्याकाळी मेंढ्या गेल्या त्या दिशेला तोंड करून बसायचा. वैजू हातभर लांब बसून त्याच्याशी भांडायची, "मी काय पळवत होते का तुझं बाळ? बाबांनी दिलं मला."

मला ते सहन होत नव्हतं. तो भुंकला असता, दात दाखवले असते, तर बरं वाटलं असतं. माझ्या पोरीच्या पोटावर सुया टोचल्या जात होत्या, बेंबीभोवती सुपारीएवढ्या गाठी आल्या होत्या, आणि हा गरिबासारखा झोपा काढत होता. दवाखान्याच्या बाकावर बसून मी एकच विचार करायचो, याला कसं दुखेल. इंजेक्शनच्या वेळी वैजू आईचा पदर दातात धरायची. तो पदर फाटलेला बघितला की माझ्या हाताच्या मुठी वळत.

माझा चुलतभाऊ रमेश रोज येऊन डिवचायचा. "काय रं दादा, जावयासारका पाहुणचार चाललाय कुत्र्याचा. बारशाला पन ठेवतस काय?"

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी त्याला मारलं. कारखान्यातून मी लोखंडी पहार आणली होती. तो बांधलेला होता. मला बघून शेपूट हलवली, कारण सकाळचा भात मीच टाकला होता. मी पहिला घाव घातला. खोटं कशाला लिहू, त्या क्षणी मला बरं वाटलं. नदीकाठी खड्डा करून पुरला. वैजूला आणि तिच्या आईला सांगितलं, दोर तोडून पळाला.

बरं वाटणं सकाळपर्यंतही टिकलं नाही. कुत्रा संपला, इंजेक्शनं मात्र चालूच. मला आणखी कोणीतरी हवं होतं. दोन दिवसांनी भागूजी कुत्र्याला बघायला आला, तेव्हा मी त्याला भर अंगणात चोर म्हणालो. कुत्रा पिसाळलाय हे लपवायला रात्री येऊन सोडून नेलास, असं ओरडलो. सगळा गाव माझ्या बाजूने उभा राहिला. त्याला देणं होतं ते भातसुद्धा दिलं नाही.  जाताना तो शेताशेतातून हाका मारत गेला, "भुऱ्याऽ, ये रं भुऱ्याऽ." त्या हाका बऱ्याच लांबून येत राहिल्या. मी दार लावून घेतलं.

वैजूला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं. कुत्रा सापडला तर इंजेक्शनं थांबतील. ती रोज परत आली की आधी रिकाम्या खुंट्यापाशी जायची आणि विचारायची, "सापडला का हो?" मी म्हणायचो, नाही. तो धनगर वाईट आहे, असंही म्हणायचो. हळूहळू तीही भागूजीला शिव्या द्यायला लागली. मी तिला ते शिकवलं.

इंजेक्शनं संपत आली तेव्हा तिला ताप चढला, डोकं दुखू लागलं. एका सकाळी ती उठून उभी राहायला गेली आणि जमिनीवर बसली. तशी उचलून तिला रुग्णालयात आणली.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर उल्हासनगरच्याच कॅम्प एकमधली एक सिंधी म्हातारी होती. तिची सून तिच्या उशाशी बसायची. घरी पापड करून विकणारी, जिभेने तिखट पण हाताने मऊ. वैजूच्या आईला ती जबरदस्तीने चहा पाजायची. माझी हकिकत ऐकून तिने निकाल दिला, "भाऊ, कुत्ता तो जनावर आहे. त्याच्या मालकाला सोडू नको. बिलकुल सोडू नको." मी म्हणालो, सोडणार नाही. मी खरंच ठरवलं होतं. पोरीचं काही बरंवाईट झालं तर घाटावर जाऊन भागूजीचं राहतं पाल जाळायचं. रमेशला तसा निरोपही दिला होता.

अशा वेळी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला.

मी पुन्हा पळाला म्हणायला तोंड उघडलं. दारातून वैजूचे पाय दिसत होते, चादरीखाली ठेवून दिल्यासारखे. मी सांगितलं. कोकरू मी उचललं, तिच्या हातात मी दिलं, कुत्रा माझ्या गोठ्यात बांधला होता आणि मी त्याला मारला.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी भराभर विचारलं. चार दिवस खात होता का? पाणी पीत होता का? लाळ गळत होती का? आवाज घोगरा झाला होता? कोणाच्या अंगावर गेला? एकदाच चावून सोडलं होतं ना? मी एकेक उत्तर देत गेलो.

"मग तो पिसाळलेला नव्हता, असं मी धरतो," ते म्हणाले. "कळप राखणारा कुत्रा माणसाचा वैरी नसतो. तो भुंकून सांगतो, आडवा येतो, आणि ऐकलं नाहीत तर शेवटी एकदा दात लावतो. पिसाळलेला कुत्रा सांगत बसत नाही. पण तुम्ही मला चारच दिवस दिलेत. हा अर्धा पुरावा आहे. अर्ध्या पुराव्यावर मी तिला औषध देतोय, हे लक्षात ठेवा."

केसपेपर ओढून घेत म्हणाले, "पहिल्या दिवशी खरं बोलला असतात आणि कुत्रा असता, तर इतकी इंजेक्शनं मी दिलीच नसती."

त्यांनी स्टेरॉइड सुरू केलं. म्हणजे शरीर स्वतःवर उलटलेलं असतं, त्याला शांत करणारं औषध. मी विचारलं, ती लस असते तरी कशाची? ते म्हणाले, मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवतात, मग मारतात, त्यापासून करतात. त्या मेंदूचा अंश शरीरात जातो म्हणूनच कधीकधी असं होतं. म्हणजे पुन्हा मेंढीच. राग धरायला मी आणखी एक नाव शोधत होतो, पण यादी माझ्यापाशीच येऊन संपत होती.

आत गेलो तर वैजू जागी होती. खाट दाराजवळ होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"भुऱ्या पळाला नव्हता?"

मी नाही म्हणालो. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवसापासून ती माझ्या हातून घास घेईना. आई भरवायची, ती सिंधी सून भरवायची, मी पुढे झालो की ओठ मिटायची. मी डबा घेऊन यायचो आणि बाकावर बसून राहायचो. सुडाचं मला चांगलं कळत होतं, त्यामुळे हा सूडच आहे हे ओळखलं. तिचा हक्क होता. सिंधी सूनही मग मालकाला सोडू नको म्हणाली नाही. माझ्यापुढे चहाचा कप ठेवून गेली, बस.

त्या दिवसांत आम्ही दोनच गोष्टी बघत होतो, तिला पाणी गिळता येतं का आणि पाय हलतो का. तिची आई पेला तोंडाला लावून तिच्या गळ्याकडे बघत राहायची. पाणी जात होतं. एका सकाळी डॉक्टरांनी किल्ली ओढली आणि डाव्या पायाचा अंगठा हलला. अगदी थोडा. वैजूने ओठ चावला. डॉक्टर म्हणाले, "झोंबली ना? झोंबू दे." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी अर्ध्या पुराव्यावर हात घातला.

नळी निघाली. बसणं, मग भिंत धरून उभं राहणं. घरी आली तेव्हा काखेत आधार लागायचा. पुढचा पावसाळा संपेपर्यंत ती चालू लागली. उजवा पाय मात्र अजून थोडा ओढते. आता ती कॉलेजात जाते, उंबरा आला की तो पाय तिला उचलून टाकावा लागतो, आणि दर वेळी मला तो आवाज ऐकू येतो.

हे मी आता लिहितो आहे कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा प्रसंग येऊ शकतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, तिखट, चुना काही भरू नका. आता दंडावर घ्यायची लस मिळते, ती परवडत असेल तर तीच घ्या, पण घ्याच. डॉक्टरांना खरं सांगा, स्वतःची लाज वाटत असली तरी. आणि कुत्र्याला मारू नका. त्याचा जीव म्हणजे तुमच्या माणसाचा रिपोर्ट असतो. कळपाजवळ जायचं असेल तर लांब थांबून हाक मारा. जमीन कोणाच्या नावावर आहे हे त्या कुत्र्याला माहीत नसतं. कोण कोणाच्या भरवशावर झोपलंय, एवढंच त्याला माहीत असतं.

घरी आल्यावर एकदा मी वैजूजवळ बसलो आणि म्हणालो, चुकलं माझं, मला माफ कर. ती पायाला तेल लावत होती. "माझ्याकडे काय मागता?" ती म्हणाली. "धनगरमामांकडे जा."

भागूजी त्या वर्षीपासून चामटोलीत फिरकला नव्हता. मला चौकशी करायचंही धैर्य नव्हतं. एक हिवाळा तसाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात कळलं की तो बदलापूर गावाच्या पलीकडे, नदीकडच्या शेतात बसतो. हेही कळलं की त्या वर्षी कुत्र्यावाचून घाट चढताना त्याची पाच-सहा कोकरं बिबट्याने नेली होती. मी निघालो तर वैजू चपला घालून दारात उभी होती. तिला न्यायची माझी तयारी नव्हती. ती पुढे चालू लागली.

आम्ही बांधाशी थांबलो. मी आत पाऊल टाकलं नाही. तोंडाभोवती हात धरून हाळी दिली. मेंढ्यांमधून एक राखाडी, वयाने लहान कुत्रा उठला, भुऱ्याचेच कान, भुऱ्याचंच उभं राहणं. धावत अर्ध्या वाटेवर आला, आडवा थांबला, भुंकला.

"हलू नका बाबा," वैजू हळू म्हणाली. "बघतोय तो."

भागूजी आला. कुत्र्याच्या पाठीवर त्याने हात ठेवला तसं भुंकणं थांबलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. त्याची नजर आधी वैजूच्या पायांवर गेली. "चालतीया न्हवं पोरगी," तो म्हणाला.

वैजू माझ्याकडे बघत होती. दवाखान्यात मी खोटं बोललो तेव्हा बघत होती, तशीच.

मी टोपी काढली. "भागूजीदादा," मी म्हणालो, "भुऱ्या पळाला नव्हता. तुम्ही माझ्या भरवशावर तो माझ्या दारात बांधलात, आणि बांधलेला असतानाच मी त्याला मारला. कोकरू मी उचललं होतं. त्याची काही चूक नव्हती. तुम्हाला चारचौघांत चोर म्हणालो, तेही खोटं होतं. मला माफ करा."